सयाजीरावांची मीटिंग, साडेचार म.नं.

...नाही, पण मी काय म्हणतो, आधी तारीख लिहायची का आधी महिना, एवढी एक साधी गोष्ट जगानं एकदा बसून ठरवून टाकायला काय झालं होतं? माणसाचं हृदय काढून दुसऱ्याला बसवतात, आणि हे ठरत नाही! आपल्याकडं अंगणवाडीतल्या पोराला विचारा, वाढदिवस कधी रे बाळा, तर ते आधी तारीख सांगेल, मग महिना. अमेरिकेत म्हणे उलटं. आधी महिना, मग तारीख. बरं, लिहू द्या की, त्यांच्या घरी ते काहीही लिहोत, आपल्या बापाचं काय जातंय! पण त्याच्यापायी आमच्या चाकणला एक मेलेला माणूस महिनोन्महिने मीटिंगा लावत होता, त्याचं काय करायचं, सांगा!

हसू नका. तुम्हाला सांगतो, ज्याच्यावर हे गुदरलं तो धनेश आमच्याच बिल्डिंगमध्ये राहतो, कुरुळीला, बरोब्बर माझ्या डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये. मूळचा लातूरकडचा, डिप्लोमा झालेला, चाकणला एका कंपनीत मेंटेनन्सला. कंपनीचं नाव नको, उगाच कशाला! गाडीच्या सीटखाली लोखंडी ब्रॅकेट असतात ना, ते करणारी कंपनी. मोठमोठे प्रेस आहेत तिथं. प्रेस म्हणजे कसं, वरून लोखंडाचा हा एवढा ठोकळा धाडकन खाली येतो, पत्र्याला आकार देतो, परत वर जाऊन थांबतो. माणसानं हात घालून तयार माल काढायचा, नवा पत्रा ठेवायचा, की परत धाड! दिवसभर धाड, धाड, धाड. आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, भुताबितावर आपल्या धनेशचा विश्वास नाही हां! शिकलेला माणूस आहे.

तर या धनेशचे साहेब होते सयाजीराव. देहूचे. मेंटेनन्सचे इनचार्ज. काय माणूस होता राव! स्क्रू ड्रायव्हरचं टोक मशीनला लावायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे, आणि म्हणायचे, "पलीकडचं बेअरिंग रडतंय." उघडून बघावं तर खरंच रडत असायचं! आणि एक खूळ होतं त्यांना. कॉम्प्युटर मराठीतून पाहिजे. "ज्या भाषेत मी शिव्या देतो त्या भाषेत त्यानं उत्तर दिलं पाहिजे," म्हणायचे. सगळी सेटिंग मराठी. तारीख मराठी, वेळ मराठी. कोणत्या मशीनची तपासणी कधी, कोणी यायचं, कोणतं तेल, कोणता पट्टा, सगळं त्या कॉम्प्युटरच्या कॅलेंडरात स्वतः टाकलेलं.

आणि संक्रांत झाली, तिळगूळ वाटून झाले, आणि एका सकाळी आंघोळीला पाणी काढता काढता सयाजीराव गेले. ॲटॅक. झालं! कंपनीनं दोन मिनिटं मशीन बंद ठेवली, धाड धाड थांबलं, त्या शांततेत सगळ्यांच्या कानात कसंतरीच झालं, आणि मग सुरू. प्लँटचे मोठे साहेब धनेशला म्हणाले, "धनेश, आता तूच बघ बाबा. आणि हे सयाजीचं जुनं कॅलेंडर नव्या सिस्टिममध्ये टाकून घे. एक क्लिकचं काम आहे, हां?"

एक क्लिक! हे एक क्लिकवाले लोक जगात नसते ना, तर निम्मी दुखणी कमी झाली असती. पण धनेश बिचारा बसला. सयाजीरावांच्याच टेबलाशी, त्यांच्याच खुर्चीत. खुर्चीत त्यांच्या पाठीचा खळगा अजून तसाच. त्यानं जुन्या कॉम्प्युटरमधून सगळ्या नोंदींची फाईल काढली, नव्या कॉम्प्युटरमध्ये घातली. हा नवा कॉम्प्युटर खोक्यातून आला तो अमेरिकेची सेटिंग घेऊनच आलेला, ती बदलायची असते हे कोण सांगणार? त्यानं विचारलं, सगळ्यांना कळवायचं का? धनेशनं म्हटलं, कळव. त्यानं थोडा विचार केला, गरगर फिरला, आणि एक चौकट आली. काहीतरी लांबलचक, इंग्रजीत, शेवटी खाली 'ओके'. आता खरं सांगा, तुम्ही कधी ती चौकट वाचलीय? मीही नाही. आपण काय करतो? ओके! धनेशनं काय केलं? ओके!

फेब्रुवारीची एक तारीख. फर्स्ट शिफ्ट. धनेश हजेरी लावून चहाचा पहिला घोट घेतोय, तेवढ्यात खिशात फोन थरथरला. शेजारी भीमराज उभा, प्रेसवरचा जुना ऑपरेटर, कुरुळीच्याच गावकीतला, त्याचाही थरथरला. पलीकडं वेल्डिंगवाल्याचा. वरच्या मजल्यावर एचआरच्या मोनिका मॅडमचा. मोठ्या साहेबांचा. सगळ्यांचे एकदम! आणि स्क्रीनवर काय? 'आज. सयाजीराव यांनी बोलावलं आहे. प्रेस नंबर दोन. मी स्वतः उभा राहणार. सगळ्यांनी यायचं. साडेचार म.नं. येताय का? हो, नाही.'

मी स्वतः उभा राहणार!

तेरावं होऊन चार दिवस झालेत हो माणसाचं!

भीमराजच्या हातातला चहा बुटावर. म्हणाला, "धनेश सायेब, ह्ये म.नं. म्हंजी काय वो?"

धनेश म्हणाला, "काय... माहीत नाही."

मोनिका मॅडम जिना उतरून आल्या, त्यांचं आपलं, "अरे, सिम्पल आहे, मशीन नंबर असेल ना!"

भीमराज म्हणाला, "साडेचार नंबरचं मशीन कुठं हाय आपल्यात?"

 आणि मग भीमराजच हळू आवाजात, "सयाजीराव सायेबांच्या कॉम्प्युटरवर मी बघितलंय. सकाळच्या येळेला म.पू. लिवायचं, आन् नंतरच्या येळेला म.नं. म.पू. म्हंजी... मरणापूर्वी. आन् म.नं. म्हंजी..." पुढचं त्यानं सांगितलंच नाही. गरजच नव्हती! सगळ्यांना ऐकू आलं!

मध्यान्हपूर्व आणि मध्यान्हानंतर हो! दुपारच्या आधी, दुपारच्या नंतर, एवढाच अर्थ! पण त्या घडीला कोणाला सुचतंय? भीमराजनं कपाळावरचा घाम पुसला आणि मोबाइलवर 'हो' दाबलं. धनेश म्हणाला, "अरे, कशाला दाबलंस?" तर म्हणतो, "सायेबांना न्हाई म्हनायची ताकद न्हाई आपल्यात. जित्तेपनी न्हवती, आता कुठनं आणू?" त्याचं बघून सगळ्यांनी 'हो'. झाडून सगळ्यांनी. मोनिका मॅडमनी हनुमानाचं नाव घेत 'हो'. आणि भुताबितावर ज्याचा अजिबात विश्वास नाही त्या आपल्या धनेशनं, सगळ्यांची पाठ फिरल्यावर, गुपचूप, 'हो'!

आणि शिफ्ट सुटली तरी घरी न जाता साडेचारला हे सगळे प्रेस नंबर दोनपाशी गोल करून उभे.  मधे एक जागा मोकळी सोडलेली, बरं का. कोणी सांगितलं नव्हतं, आपोआप. सयाजीराव जिथं उभे राहायचे ना, ती. धनेशनं घसा खाकरला, "आलोच आहोत तर बघून घेऊ मशीन." बघितलं. ठीक होतं. पांगले.

घरी येऊन धनेशला भाकरी जाईना. करिष्मा, त्याची बायको, म्हणाली, "काय बघायलाव सारखं फोनकडं? कोणाचा यायलाय?" आता सांगणार काय? कोणाचा यायलाय म्हणून सांगणार? "ऑफिसचा," म्हणाला. खोटं नव्हतं!

मार्चची एक तारीख. तुम्हाला वाटलं असेल एकदाच झालं! थर्रर्र! 'सयाजीराव यांनी बोलावलं आहे. प्रेस नंबर तीन. मी स्वतः उभा राहणार.' फेब्रुवारीत दोन, मार्चमध्ये तीन. म्हणजे क्रमानं चाललेत की हो! या वेळी मशीनला हार. भीमराजनं नारळ आणलेला. मोनिका मॅडम म्हणाल्या, फॅक्टरीत नारळ फोडला तर पाणी सांडून कोणी घसरेल, सेफ्टीचा नियम आहे, म्हणून नारळ गेटबाहेर फोडला आणि खोबरं आत आणलं. नियमात बसवून भूत सांभाळतोय आपण! धनेश आतून कावलेला. पण तो एक करायला लागला होता, कोणाला कळू न देता. त्या खुर्चीत बसायचं सोडलं होतं. स्टूल आणलं होतं. का, तर म्हणे पाठ दुखते.

त्यानं आयटीवाल्याला तरी विचारायचं ना, तुम्ही म्हणाल. विचारलं! कंपनीचा आयटीवाला भोसरीला बसतो, तो फोनवर म्हणतो, "सर, रीस्टार्ट करून बघा." अहो, कोणाला रीस्टार्ट? ज्याला करायचा तो देहूच्या घाटावर जाळला!

आणि एप्रिल उजाडला. एक एप्रिल. मोठे साहेब फोन बघून हसले, "एप्रिल फूल करता काय रे मला!" पण त्यांचंही हसू मधेच कुठंतरी अडकलं. 'प्रेस नंबर चार. मी स्वतः उभा राहणार. सगळ्यांनी यायचं.' आता चार नंबरवर कोण काम करतं? भीमराज. तो मशीनपासून चार हात लांब जाऊन उभा राहिला. म्हणाला, "मी आज हिच्यावर बसत न्हाई. बघितल्याशिवाय न्हाई. सायेब स्वतः बोलावत्यात, काय तरी असंल." माल अडला, वरून फोन सुरू झाले, मोठे साहेब लालबुंद, "धनेश, तू शिकलेला ना रे? समजाव त्याला!" धनेश समजवायला गेला, "भीमराज भाऊ, असं काही नसतं..." आणि बोलता बोलता त्याचं लक्ष त्या मोकळ्या जागेकडं गेलं. सगळ्यांनी सोडलेली जागा. त्याला काय झालं देव जाणे. त्यानं स्क्रू ड्रायव्हर घेतला, टोक मशीनला लावलं, मूठ कानाला लावली. काही कळलं नाही. पण म्हणाला, "मशीन बंद करा. कव्हर खोला."

खोललं.

तुम्हाला सांगतो, तो ठोकळा वर जाऊन थांबतो ना, त्याला थांबवतो ब्रेक. ब्रेकला आतून एक लायनर असतो, सायकलच्या ब्रेकला रबर असतं तसं समजा. तो झिजला की ठोकळा वर थांबत नाही. न दाबता परत खाली येतो. आणि त्या वेळी तुमचा हात माल काढायला आत असतो. आमच्या या पट्ट्यात, भोसरी-चाकणला, रिक्षात बसलं की सुट्टे पैसे तीन बोटांनी देणारे लोक भेटतात, त्यांना विचारा ठोकळा म्हणजे काय ते. चार नंबरचा लायनर कागदासारखा झाला होता. भीमराजनं तो हातात घेतला, उलटासुलटा केला, आणि आपल्या पंजाकडं बघत तिथंच खाली बसला. पाच बोटं. उघडतोय, मिटतोय, उघडतोय, मिटतोय. 

मग काय विचारता! सबंध प्लँटमध्ये बातमी. सयाजीरावांनी हात वाचवला! त्यांचा फोटो लागला, उदबत्ती लागली, थर्ड शिफ्टची पोरं कार्ड पंच करायच्या आधी फोटोला नमस्कार करायला लागली. आणि धनेश? भुताबितावर विश्वास न ठेवणारा आपला धनेश? त्याला उलट जास्तच गार पडलं. कारण बाकीच्यांना एकच भीती होती, त्याला दोन होत्या. भूत असेल तर ती एक भीती. आणि भूत नसेल तर मग हा लायनर बदलायचं कोणाच्या लक्षात कसं नाही, ही दुसरी! इनचार्ज कोण? तोच की!

दुपारी जेवणाच्या सुट्टीत सगळे कँटीनला गेले आणि त्यानं सयाजीरावांचा जुना कॉम्प्युटर सुरू केला. धूळ पुसली. शोधत बसला. जानेवारीची चार तारीख, प्रेस नंबर चार, वर्षाची तपासणी, मी स्वतः उभा राहणार, सगळ्यांनी यायचं. जानेवारीची! जिवंत होते तेव्हाची! चार, एक. चार तारीख, पहिला महिना. आणि नव्या कॉम्प्युटरनं काय वाचलं? चौथा महिना, एक तारीख! अरे देवा! तीन जानेवारीचा झाला एक मार्च, दोन जानेवारीचा झाला एक फेब्रुवारी, होऊन गेलेल्या तपासण्या पुढं येऊन उभ्या राहिल्या! आणि 'म.नं.' काही त्या अमेरिकनाला कळलं नाही, त्यानं वेळ म्हणून घेतलंच नाही, उचलून तसंच्या तसं निरोपात चिकटवलं, आणि निरोप वेळेवर पाठवायच्या ऐवजी सकाळी शिफ्ट सुरू होताना पाठवला. संपलं भूत!

धनेश एकटाच हसला म्हणे. मोठ्यानं. आणि हसता हसता थांबला. कारण त्याच्या डोक्यात आलं, बाराच्या पुढच्या तारखांचं काय? चार तारखेचा चौथा महिना होतो. वीस तारखेचा कितवा महिना करणार? विसावा महिना कुठं असतो?

त्यानं ती चौकट परत काढली. इम्पोर्टची. या वेळी वाचली. 'या नोंदी घेता आल्या नाहीत, तारीख व वेळ चुकीची.' आणि खाली यादी... खाली खाली खाली, बोट दुखलं तरी संपेना. दर महिन्याच्या तेरा तारखेपासून पुढचं सगळं. आणि त्यात एक, सयाजीरावांनी जानेवारीतच पुढची म्हणून टाकून ठेवलेली, वीस मार्च, प्रेस नंबर चार, 'लायनर उतरलाय, आजच बदला, विसरू नका.'

 जे दिसत होतं त्याला सगळे नारळ फोडत होते, आणि जे दिसायला पाहिजे होतं ते दारातूनच परत गेलं होतं! वीस मार्चपासून एक एप्रिलपर्यंत भीमराज रोज त्या ठोकळ्याखाली हात घालत होता. रोज. धनेशच्या एका ओकेवर!

पण काम केलं पठ्ठ्यानं. नव्या कॉम्प्युटरला आधी अमेरिकेतून भारतात आणलं, तारीख आधी, महिना नंतर. जुन्या कॉम्प्युटरवर म.पू.-म.नं. काढून साधी चोवीस तासांची वेळ लावली, साडेचार म्हणजे सोळा-तीस, वादच नको. नवी फाईल काढली, उघडून एक-एक ओळ डोळ्यांनी बघितली, घातली. एकही नोंद परत आली नाही. आणि मग आधीच्या सगळ्या चुकीच्या नोंदी एकदम निवडल्या आणि पुसून टाकल्या. कॉम्प्युटरनं विचारलं, कळवायचं का? सवयीनं, ओके! सुटलो म्हणून धनेश मागं टेकला. स्टुलाला पाठ नसते हे विसरला, सावरला.

आणि फोन वाजला.

धनेशचा फोन. स्क्रीनवर नाव, 'सयाजी सर'.

भुताबितावर विश्वास नाही हो त्याचा! पण तो स्टुलावरून उठला, भिंतीला जाऊन चिकटला, आणि तिथून फोनकडं बघत राहिला. वाजतोय. वाजतोय. थांबला. परत सुरू. आता तर पुसलं सगळं! आता कोण? शेवटी त्यानं फोन उचलला तो कानाला लावला नाही, हातभर लांब धरला आणि म्हणाला, "ह... हॅलो, सर?"

पलीकडून बाईचा आवाज, "धनेश का रं बाबा? मी इंदुताई. सयाजीरावांच्या घरची. समदं रद्द का केलंस?"

अहो, बोलावणाऱ्याच्या जागी सयाजीरावांचं नाव, त्यांचाच मेल! या लोकांनी महिन्या-महिन्याला दाबलेला प्रत्येक 'हो' जात कुठं होता? सयाजीरावांच्या मोबाइलवर! आणि तो मोबाइल देहूला, घरात, त्यांच्या फोटोशेजारी चार्जिंगला लावलेला. इंदुताईंनी बंद होऊ दिला नव्हता. आणि आत्ता त्याच्यावर टुंग टुंग टुंग, धनेशनं रद्द केलं, धनेशनं रद्द केलं, थांबायलाच तयार नाही.

धनेश सांगायला लागला, "ताई, ते चुकून... ती तारीख... सेटिंग..."

इंदुताई म्हणाल्या, "त्ये मला काय कळत न्हाई. मला एवढंच सांग. पयल्या खेपंला समद्यांचं आलं, येतो म्हनून. भीमराज येतो, धनेश येतो, मोनिका येते. म्या पोहे भिजवलं. म्हनलं कंपनीची मानसं येत्यात, बसायला. कोन आलं न्हाई. दुसऱ्या म्हयन्याला परत येतो. परत कोन न्हाई. आज परत."

धनेश म्हणाला, "ताई, पण सयाजी सर तर आता..."

"ते गेलं, ते मला तू सांगतोस व्हय? माझ्याच दारातनं उचललं त्यांला. पर तुमी तर जित्तं हाय ना? मग हो म्हनून येत का न्हाई?"

काय उत्तर आहे हो याला? मला सांगा.  दहाव्यानंतर कंपनीतलं एक माणूस त्या घरी गेलं नव्हतं. मशीनपाशी मोकळी जागा सोडत होते, फोटोला उदबत्ती ओवाळत होते, आणि देहू काय अमेरिकेत आहे? येलवाडीवरून गाडीनं गेलं की आलंच!

शिफ्ट सुटल्यावर धनेश गेला. भीमराजला मागं बसवून. इंदुताईंनी पाणी दिलं, बसा म्हणाल्या, आणि पहिला शब्द काय बोलल्या? "चार नंबरचं काय झालं?"

दोघं एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले. भीमराज म्हणाला, "ताई, तुमाला चार नंबर कसा ठावं?"

इंदुताई म्हणाल्या, "आदल्या दिशी जेवताना म्हनलं हुतं त्यांनी, त्या चार नंबरचं काय खरं न्हाई, पोरांना आठवन करून द्याया पायजे. दुसऱ्या दिशी ह्ये असं. म्हनलं, तुमी येनारच हाय तर सांगावं तोंडानं. बाईमानसानं कंपनीत फोन करून मशीनचं काय सांगायचं? हसला असता. म्हनून वाट बघत हुते."

म्हणजे बघा! फेब्रुवारीत 'हो' म्हटलं होतं तसं एक जण जरी गेला असता, एक कप चहा प्यायला असता, तर तिथंच कळलं असतं. भूत लागत नव्हतं, सेटिंग लागत नव्हती, काही लागत नव्हतं! भीमराजनं काय केलं माहितीय? उजवा हात पुढं केला, इंदुताईंच्या समोर धरला, नुसता. त्यांनी तो दोन्ही हातात घेतला, बोटं चाचपून बघितली आणि सोडून दिला. "पोहे खाऊन जा," म्हणाल्या. आत गेल्या. 

दुसऱ्या दिवशी धनेशनं सगळ्यांना गोळा करून खरं काय ते सांगितलं. चूक माझी. चौकट न वाचता मी ओके दाबलं. आधी तारीख, आधी महिना, फळ्यावर लिहून दाखवलं. मोठे साहेब म्हणाले, "ठीक आहे, ठीक आहे, पण हे बाहेर बोलू नका, ऑडिट आहे." आणि भीमराज? सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सायेब, तुमचं बराबर हाय. चूक तुमचीच. पर ती चौकट न वाचता ओके दाबायची बुद्धी तुमाला दिली कोनी?" फळ्यापुढं खडू हातात घेऊन धनेश उभा! पुसा फळा!

पण धनेशला ते पोहे गिळवत नव्हते हो. त्यानं ठरवलं, महिन्यातनं एका गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, सगळ्यांनी देहूला जायचं. इंदुताईंकडं तास-दोन तास बसायचं. रीतसर कॅलेंडरात टाकलं. तारीख आधी, महिना नंतर, वेळ सोळा-तीस, बोलावणारा धनेश. दोनदा तपासलं. पाठवलं.

आणि आली की उत्तरं! वेल्डिंगवाला, 'बघतो.' मोनिका मॅडम, 'ट्राय करते.' एक जण, 'सासुरवाडीला जायचंय.' दुसऱ्याची गाडी सर्व्हिसिंगला. मोठ्या साहेबांचं उत्तरच नाही. एकटा भीमराज, 'येतो.' एक महिना दोघंच गेले. दुसऱ्या महिन्याला परत दोघंच. इंदुताईंनी ताटल्या आठ काढल्या होत्या आणि सहा परत फडताळात ठेवल्या, ते धनेशनं बघितलं.

परत येताना येलवाडीच्या पुलावर त्यानं गाडी थांबवली, इंदुताईंना फोन लावला. म्हणाला, "ताई, एक विचारू? राग मानू नका. पुढच्या वेळी आमंत्रण... सयाजी सरांच्या नावानं पाठवलं तर?"

 मग इंदुताई म्हणाल्या, "घाल की. त्यांला कोन न्हाई म्हनत न्हवतं."

घातलं. बोलावणारे सयाजीराव. तारीख, महिना, वेळ, सगळं बरोबर. आणि तुम्हाला सांगतो, चहा गार व्हायच्या आत सगळ्यांचे 'हो'. वेल्डिंगवाला हो. मोनिका मॅडम हो. सासुरवाडीवाला हो, सर्व्हिसिंगवाला हो. गेले सुद्धा हो! पोहे कमी पडले! इंदुताईंनी शेजारून पातेलं आणलं.

जिवंत माणसानं बोलावलं की लोकांना कामं असतात. आता करता काय! आणि मोठ्या साहेबांनी काय उत्तर पाठवलं असेल? बारा वर्षं ज्यांना 'ए सयाजी' म्हणून हाक मारली, त्यांना दोनच शब्द लिहिले. 'येतो, सर.'